सत्तावीस तोरणं

६ सप्टेंबर २००४

खताच्या दुकानदारानं जानेवारीत फुकट दिलेली ही डायरी आठ महिने पिठाच्या डब्यावर पडून होती. आज उघडली, कारण डोक्यात राग आहे आणि तो ऐकून घ्यायला घरात कुणी नाही. गोरक्षला, म्हणजे नवऱ्याला, सांगायला बसलं की तो ऐकता ऐकता घोरायला लागतो. सासूबाई, कुसाबाई त्यांचं नाव, नीट ऐकतात, पण शेवटी नेहमी समोरच्याची बाजू घेतात.

राग वेलजीबाबांवर आहे. हे आमचे भाडेकरू, कच्छमधल्या भुजचे. तिथं गावाच्या ऐन मध्यावर पटवा गल्ली म्हणून बाजार होता, त्यात त्यांचं दोरे, गोंडे आणि बटणांचं दुकान. खाली दुकानं आणि वर घरं, अशी सगळी गल्ली. २००१च्या सव्वीस जानेवारीला सकाळी भूकंप झाला आणि दोन मिनिटांत गल्लीचा ढिगारा झाला. बाबा पार्सल सोडवायला स्टेशनावर गेले होते म्हणून वाचले. बायको आधीच वारलेली. मुलगी हंसा नाशकात दिलेली, ती त्यांना घेऊन आली. पण त्यांच्यातली जुनी माणसं मुलीच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाहीत. चार दिवस म्हातारा रस्त्यावरच्या नळाचं पाणी पीत होता. शेवटी हंसानं आमच्या मखमलाबादच्या मळ्यातली विहिरीजवळची खोली भाड्यानं घेतली. माझ्या हातची भाकरी त्यांना चालते, कारण मी मुलगी नाही, घरमालकीण आहे.

पहिलं वर्षभर ते छपराखाली झोपले नाहीत, आंब्याखाली खाट टाकली होती. मग हळूहळू आत गेले. आणि चार वर्षं ‘आमची गल्ली असी, आमची गल्ली तसी’ करून आमचे कान किटवले.

आज हंसा रडत आली. भुजहून पत्र येऊन पंधरा दिवस झाले आणि बाबांनी ते गादीखाली सारून ठेवलं होतं. गल्ली नव्यानं बांधून झाली. बाबांच्या नावाचा गाळा तयार आहे. दिवाळीनंतरच्या लाभपंचमीला, म्हणजे गुजराती लोक दुकानं पुन्हा उघडतात त्या दिवशी, सगळ्यांनी एकदम शटर उचलायचं. जो स्वतः येणार नाही त्याचा गाळा रांगेतल्या पुढच्या माणसाला जाणार.

मी खोलीवर गेले. म्हटलं, “बाबा, जायचं ना मग?”

“नाय. माझा तिकडे काय काम?”

“अवो, दुकान हाय तुमचं!”

“दुकान नाय, गाळा हाय. तू फुलं बघ, दीपाबेन.”

दार लावून घेतलं. एवढा हट्टी माणूस मी पाहिला नाही, आणि मी स्वतः दीपमाला आहे. खरं तर ते गेले तर आमचं भलंच आहे. खोलीत औषधाचे पंप आणि रिकाम्या करंड्या राहतील.

११ सप्टेंबर

आज माझं डोकं चाललं. झेंडूत खुरपणी करत होते आणि बाबा बांधावर बसले होते. सहज विचारलं, “लाभपंचमीला तुमच्याकडं दुकानाला तोरण कशाचं बांधतात?”

“गलगोटा आणि आसोपालव.” गलगोटा म्हणजे आपला झेंडू.

“आन तिकडं झेंडू होतो का?”

“आमच्याकडे बाभूळ होते,” असं म्हणून हसले.

लक्ष्मीपूजन झालं की झेंडूला कुत्रं विचारत नाही. दरवर्षी मी पाटीच्या पाट्या गुरांपुढं टाकते. म्हटलं, “मी देते तोरणं. आख्ख्या गल्लीला.”

बाबा उठले. झेंडूच्या दोन ओळींमधल्या सरीत शिरले आणि चालायला लागले. डाव्या हाताला बोट केलं, “आ कांतीलाल चुनडीवाला.” उजव्या हाताला, “आ मावजी, सुऱ्या आणि अडकित्ते.” प्रत्येक दुकानासमोर थांबायचे, दोन्ही हात पसरून दार दाखवायचे, आणि मी त्यांच्या तळहातांमधलं अंतर माझ्या हातानं मोजायचे. आम्ही हारतोरणवाले कोपरापासून बोटापर्यंतच्या हातानंच मापतो, फूटपट्टी ठेवत नाही. कांतीलाल चार हात. मावजी चार हात. चंपकभाई अत्तरवाला चार हाताला चार बोटं कमी, दार तिरकं होतं म्हणे. मणिबेन पापडवाली पूर्ण चार, पण तिच्या दाराला खिळा एकाच बाजूला, दुसरी बाजू खिडकीला बांधायची. पेन्सिल तोंडात, वही काखेत, अशी मी मागं पळत होते. एका झाडाजवळ बाबांनी मला बाजूला ओढलं. म्हणाले, “इथे गाय बसते, तिला तुडवू नको.” मी खरंच पाय उचलून घेतला!

सत्तावीस दुकानं झाली. शेवटचं त्यांचं स्वतःचं, जेमतेम तीन हाताचं, सगळ्यात लहान. चार वर्षांत म्हातारा एवढा भराभरा चालला नव्हता. मला वाटलं, झालं, आता निघतो हा. सरीच्या टोकाला पोचून म्हणाले, “तोरण पाठव. मी नाय जाणार.”

१७ सप्टेंबर

उद्या गणपती. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. एवढ्या गर्दीत बाबांना आंब्याच्या पानांवरून भांडायचं होतं. तोरणाला आंब्याचीच पानं असतात, हे आमच्याकडं पोरासोरांनाही माहीत आहे. त्यांना आसोपालव पाहिजे. आसोपालव म्हणजे बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच अशोक.

“आंबा दोन दिवसात वाकडा होते,” म्हणाले.

“आन तुमचा अशोक काय ताठ मान करून बसतो का?”

तासभर वाद झाला. गिऱ्हाईकं फुलं सोडून आमचं भांडण बघत होती आणि त्या नादात जास्त फुलं घेऊन गेली. शेवटी ठरलं, एक पान आंब्याचं, एक आसोपालवाचं. आता अशोकाच्या पानांसाठी गंगापूर रोडच्या बंगल्यांच्या पायऱ्या झिजवायच्या.

४ ऑक्टोबर

तोरणांचं कळवायला हंसानं भुजला कांतीलालभाई चुनडीवाल्यांना पत्र टाकलं होतं, त्याचं उत्तर आलं. हंसानं वाचून दाखवलं. फार आभार मानलेत, रडून लिहिलंय असं ती म्हणाली. पण एक घोळ आहे. पत्रात वीस दुकानं उघडणार असं आहे. बाबांनी तर मला सत्तावीस सांगितली.

रस्ता रुंद केलाय म्हणे, त्यात सात गेली असणार. मी खोलीवर जाऊन म्हटलं, “बाबा, सात कमी करा. यादी द्या, मी काट मारते.”

“सत्तावीस,” बाबा म्हणाले.

“अवो, दुकानच नाय तर तोरण कशाला टांगू? विजेच्या खांबाला?”

“तू बांध, दीपाबेन. आणि चंपकचं, मणिबेनचं, त्या सातांचं जे हाय, त्याला फुलं मोठी घे. निवडून घे.” आणि चहा अर्धा टाकून विहिरीकडं निघून गेले.

घ्या! म्हणजे ही सात त्यांची खास गिऱ्हाईकं असणार. दोस्तांना मोठी फुलं आणि बाकीच्यांना बारीक. व्यापारी माणूस तो व्यापारीच.

सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, “तो म्हणतो तेवढी कर. लय तोंड चालवू नको.” त्यांचे डोळे ओले होते. कांदा चिरत असतील.

२२ ऑक्टोबर, दसरा

फक्त दोन ओळी लिहिते, हातांना बधिरपणा आलाय. पहाटेपासून बाजारात. गोरक्षची पाठ धरली म्हणून बाबा माझ्याबरोबर आले. मला वाटलं बसून राहतील. उलट त्यांनी धोतर खोचलं आणि अशी आरोळी ठोकली की शेजारचा भिका आपला गल्ला सोडून बघायला आला. गिऱ्हाईकाचा हात फुलाला लागायच्या आत त्याच्या पिशवीत फुलं! एका बाईला झेंडूबरोबर शेवंती पाहिजेच, असं पटवून दिलं. दुपारी बारालाच सगळं संपलं, असं आजवर कधी झालं नव्हतं. रिकाम्या करंडीवर बसून ते एकटेच हसत होते. दुकानदारी अंगातून जात नाही माणसाच्या.

मी म्हटलं, “दिवाळीलाही या.” तर उठून रिकाम्या करंड्या एकात एक घालायला लागले.

२८ ऑक्टोबर

मोठं भांडण. मी सरळ विचारलं, “बाबा, नक्की भीती कशाची वाटती? पुन्हा हलंल म्हणून?”

हातातलं दोऱ्याचं रीळ फिरवत म्हणाले, “गल्ली रुंद केली म्हणे. सगळा सरळ केला, सारखा केला. मी तिला ओळखणार नाय. आणि तिने मला नाय ओळखला तर? इथे माझ्याकडे तरी ती हाय, जशी होती तशी.” डोक्याला बोट लावून दाखवलं.

मला वाईट वाटलं. पण वाईट वाटलं की माझा आवाज चढतो, हा माझा जुना दोष आहे. म्हटलं, “असं हाय तर मग मी जाते! मी टांगते सत्तावीसच्या सत्तावीस, आन तुमच्या गाळ्यासमोर उभी राहून बघते कोण दुसरा घुसतो ते!”

“तू? तू वणीच्या गडापुढे कधी गेली नाय.”

“आता जाते.”

रागाच्या भरात बोलून बसले. संध्याकाळी गोरक्षनं विचारलं, खरंच जाणार का? म्हटलं, बोलले ना. तो म्हणाला, पाण्याची पाळी आहे म्हणून मला यायला जमणार नाही, मंगळूचा टेम्पो सांगू. एवढ्या सहज हो म्हणेल असं वाटलं नव्हतं. आता माघार कशी घ्यायची?

३ नोव्हेंबर

म्हातारा डोक्यात जातो. तीन दिवस झाले, माझी भाकरी शिवत नाही. ताट झाकून ठेवलं तर तसंच परत. आज चहासुद्धा नको म्हणाले. स्वतः खिचडी शिजवतात, अर्धी कच्ची, आणि पाणी रस्त्यापलीकडच्या नळावरून घागरीनं आणतात. आमची विहीर दारात असताना! मी भुजला जाणार म्हणून राग असेल तर तसं तोंडानं सांगावं.

आणि मला ‘दीपाबेन’ म्हणायचे, ते पण बंद केलंय. नुसतं ‘दीपा’. ‘दीपा, सुई संभाळ. दीपा, उन्हात डोक्यावर काहीतरी घे.’ चार वर्षांचा मान एका भांडणात गेला.

मी सासूबाईंना म्हटलं, “माझ्या भाकरीत काय किडं पडले का?”

त्या हसायलाच लागल्या. पदरानं डोळे पुसून पुसून हसल्या. “अगं येडे,” म्हणाल्या, “हंसाच्या घरी तरी कुठं जेवतो तो?”

आता हंसाच्या घराचा इथं काय संबंध? या घरात सरळ उत्तर कुणी द्यायचंच नाही असं ठरलेलं आहे.

१२ नोव्हेंबर, लक्ष्मीपूजन

सगळी फुलं गेली, भाव बरा मिळाला. मागच्या वाफ्यातला झेंडू मुद्दाम राखलाय, टपोरा आहे. बाबांनी आज त्या वाफ्याला चार फेऱ्या मारल्या. त्यांच्या दारात मी पणती ठेवली, ती त्यांनी उचलून खोलीत कोनाड्यात नेऊन ठेवली. निदान पणती चालते म्हणायची.

१४ नोव्हेंबर, भाऊबीज

ओवणीला बोलावलेल्या आठही बायका माहेरी गेल्या! माझ्या लक्षात कसं आलं नाही? सकाळी दहाला माझा भाऊ वाल्मीक नवा शर्ट घालून, पेढे घेऊन आला. त्याला पाटावर न बसवता गोणपाटावर बसवलं आणि हातात सुई दिली. म्हटलं, ओवाळणी नंतर.

“ताई, मी इंजिनिअर हाय गं,” म्हणाला. मग सोपं जाईल म्हटलं.

सासूबाईंना भेटायला त्यांचे दोन भाऊ आले, एक पासष्टचा, एक सत्तरचा. त्यांनाही बसवलं. हंसाचा नवरा तिला सोडायला आला होता, तो सापडला. बाबा मध्ये बसून सगळ्यांवर मुकादमी करत होते. प्रत्येकाची ओढ तपासायचे, ढिलं दिसलं की उसवायचे. सात तोरणं त्यांनी कुणाला हात लावू न देता स्वतः ओवली. काय सफाई! दोन फुलांमध्ये नखही जाणार नाही. आम्ही एवढे हसलो की शेजारच्या मळ्यातली माणसं काय झालं ते बघायला आली, मग त्यांनाही सुया दिल्या. दुपारी चारला सत्तावीस पूर्ण झाली. वाल्मीकला ओवाळलं तेव्हा त्याच्या बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या होत्या. ओवाळणीत साडी घातली बिचाऱ्यानं.

१५ नोव्हेंबर

टेम्पोत बसून लिहिते आहे, अक्षर हलतंय.

सकाळी सगळं भरून झालं. झेंडू ओला कोंबला की तापून काळा पडतो, म्हणून करंडीत तीन-चारच तोरणं, खाली-वर केळीची पानं, आणि ताडपत्री कडेनं सैल. निघायच्या वेळी बघते तर चिठ्ठ्यांची पिशवी नाही. कुठलं तोरण कुणाचं, हे मी काल सत्तावीस चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं होतं, फक्त बांधायच्या राहिल्या होत्या. पिशवी पाट्याजवळ ठेवलेली पक्की आठवते. सासूबाई म्हणाल्या, “मांजरानं नेली आसंल.” आमच्याकडं मांजर नाही.

बाबा काठी टेकत आले. “काय झाला?” सांगितल्यावर असे भडकले! “म्हणजे तू मावजीचा चंपकला बांधणार? तीन हाताचा चार हाताला? अरे, डोका हाय की नाय तुला!” आणि टेम्पोत चढले. “मी वलसाडपर्यंत येतो. सगळा लावून देतो, मग उतरतो.”

सासूबाईंनी लगेच त्यांची पिशवी वर दिली. दोन धोतरं, टोपी, औषधं, सगळं भरून तयार होतं. एवढ्या चटकन कधी भरली कोण जाणे.

पेठचा घाट उतरलो. वलसाड आलं तर म्हणाले, अजून निम्मीच झालीत, सुरतला उतरतो. सुरतला म्हणाले, इथून नाशिकला गाडी बरी नाही, अहमदाबादहून बरी. मंगळू आरशात बघून हसत होता. मी त्याला डोळे वटारून दाखवले.

त्यांनी अजून माझ्या डब्यातलं काही खाल्लेलं नाही. ढाब्यावर स्वतःची डाळ मागवली.

१६ नोव्हेंबर

अहमदाबादला उतरले नाहीत. कुणी विचारलंही नाही.

खाडीवरचा पूल ओलांडून कच्छात शिरलो तेव्हा दोन्हीकडं मिठाचे ढीग होते. बाबा एकदम बोलायला लागले, कुठल्या फाट्यावर कसला पेढा मिळतो, कुठल्या गावची शाल. मंगळूला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, तो प्रत्येक वाक्याला “लय भारी” म्हणत होता. भुज जवळ आलं तशी टोपी डोळ्यांवर ओढून घेतली. कांतीलालभाईंच्या घरी उतरलो. ते आणि बाबा दारातच एकमेकांना धरून उभे राहिले, बराच वेळ. गल्ली तिथून दोन मिनिटांवर आहे. बाबा बघायला गेले नाहीत. म्हणाले, डोळ्यात धूळ गेली.

१७ नोव्हेंबर, लाभपंचमी, भुज

जसं झालं तसं लिहिते.

सकाळी सातला टेम्पो गल्लीच्या तोंडाशी लावला. बाबा उतरले आणि खाली बघत राहिले. मी पुढं गेले. रस्ता असा रुंद की दोन टेम्पो शेजारून जातील. दोन्हीकडं एकसारखे गाळे, एकसारखी निळी शटरं, नवा रंग अजून ओला वाटत होता. माणसं नटूनथटून, लहान मुलं, पेढ्यांचे खोके. सगळे आमच्याकडं धावत आले. मी ऐटीत पहिली करंडी उघडली. फुलं तशीच्या तशी होती, एक पाकळी काळी पडली नव्हती. बायकांनी टाळ्या वाजवल्या. मी कांतीलालभाईंच्या शटरला स्टूल लावलं, एक टोक डावीकडं बांधलं आणि उजवीकडं गेले तर तोरण पोचेना.

दीड हात कमी! मावजीला लावून बघितलं, दीड हात कमी. प्रत्येक शटर साडेपाच हाताचं. आणि माझी तोरणं चार हाताची. जी दारं चार वर्षांपूर्वी पडली, त्यांच्या मापाची! एरवी मांडवाचा खांब मोजल्याशिवाय मी हार ओवत नाही. रस्ता रुंद केला, दुकानं नवी बांधली, हे पत्रात स्वतः ऐकलं होतं. आणि तरी झेंडूच्या सरीत म्हाताऱ्यानं हात पसरले ते खरं धरून चालले. दोघांपैकी एकालाही वाटलं नाही की दार बदललं असेल. मला भर रस्त्यात रडू आलं. नाशकापासून एवढ्या लांब येऊन हसं करून घेतलं. लोक म्हणत होते, राहू दे बेन, एका बाजूला लोंबू दे, छान दिसतं. ते आणखीच वाईट.

तेव्हा बाबा गल्लीत आले.

मान वर केली. एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं बघितलं. मग टेम्पोवर चढून ती सात तोरणं बाहेर काढली, मोठ्या फुलांची, त्यांनी स्वतः ओवलेली. मी म्हटलं, “बाबा, ही ज्यांची हायेत त्यांना तरी सांगा, माप चुकलं म्हणून.”

कांतीलालभाई माझ्या शेजारी उभे होते. मोडक्या हिंदीत हळूच म्हणाले, “बेन, वो सात जन उस सुबह ऊपर घर में थे.”

मी तिथंच स्टुलावर बसले. खास गिऱ्हाईकं, असं मी वर लिहून ठेवलंय. ते खोडत नाही. माझी अक्कल मला दिसत राहू दे.

बाबांनी चंपकभाईंचं तोरण हातावर घेतलं. मोठ्यानं नाव घेतलं, “चंपकलाल अत्तरवाला.” सगळी गल्ली थांबली. गाठ सोडली, दीड हात मापून तोडलं आणि मावजीच्या तोरणाला जोडलं. “हा तुझा शेजारी होता. आता तुझ्या दारावर.” मावजीनं ते टोक डोळ्यांना लावलं आणि स्वतः स्टुलावर चढला. मग मणिबेनचं नाव. त्यातलं दीड हात कांतीलालभाईंना गेलं. कांतीलालभाई रडता रडता म्हणाले, ती मला उधार पापड कधी देत नव्हती, बघा आता काय दिलं! आणि सगळे हसले. मग कुणी तिच्या पापडांची गोष्ट सांगितली, कुणी चंपकभाई अत्तर लावून झोपायचे त्याची. प्रत्येक नावाला एक गोष्ट आणि प्रत्येक गोष्टीला हसू. मी आणि बाबा तोडत होतो, जोडत होतो, पोरं स्टूल पळवत होती. माझे डोळे वाहत होते आणि मला इतका आनंद झाला होता की काय सांगू! पुऱ्या गल्लीत झेंडू पेटल्यासारखा दिसायला लागला.

एकोणीस दारं भरली. विसावं बाबांचं. त्यांचं तोरण सगळ्यात लहान, तीन हाताचं, आणि सातांमधलं काही उरलं नव्हतं. बाबा म्हणाले, “राहू दे. मी आता काय, बघितला, झाला. चल.” आणि टेम्पोकडं वळले!

मी म्हटलं, “उघडा.”

“तोरण पोचत नाय, दीपा. अर्ध्या तोरणाचा दुकान उघडू?”

“पोचतं,” मी म्हणाले. डावं टोक खिळ्याला बांधलं. उजवीकडं स्टूल ठेवून त्यावर चढले, तोरणाचं मोकळं टोक एका हातात धरलं आणि दुसऱ्या हातानं पलीकडचा खिळा पकडला. दोन्ही हात ताणले तेव्हा बरोबर पोचलं. “उचला आता शटर. मी काय दिवसभर उभी राहणार नाय.”

बाबा वाकले. शटर नवं, ताठ, एकदा अडकलं. मावजी मदतीला धावला तर त्याला हातानं मागं सारलं. दुसऱ्या झटक्यात ते खडखडत वर गेलं. आत रिकाम्या फळ्या आणि हंसानं नाशकातून आधीच पाठवून ठेवलेली दोन खोकी, रिळांची आणि बटणांची. बाबा माझ्या हाताखालून वाकून आत गेले.

लगेच एक बाई आली, घागऱ्याला लावायला लाल दोरा पाहिजे म्हणाली. मग तिची बहीण. मग दोन पोरी, मग कुणी म्हातारी जी बाबांना नावानं हाक मारत आली आणि बटणं घेता घेता भांडायला लागली. सगळी माझ्या हाताखालून ये-जा करत होती. बाबा खोकी फोडत होते, दोरा दातानं तोडत होते, दसऱ्याला दिली होती तीच आरोळी ठोकत होते. खांदे दुखायला लागले, मग बोटं बधिर झाली. मंगळू दोनदा येऊन म्हणाला, “ताई, मी धरू का?” मी मान हलवली. गिऱ्हाईक थांबलं की बाबांना हाक मारून सांगावं, की आता सोडते, असं मनात होतं. पण दुपार झाली तरी गिऱ्हाईक थांबलंच नाही.